मागची खोली: पाचगणीच्या हेक्टिक्सपासून हडपसरच्या मैदानापर्यंत

शनिवारची संध्याकाळ, गाडीतळाचा ट्रॅफिक, आणि तरी तुम्ही इतके जण आलात, त्याबद्दल आधी आभार. विषय रॉक बँडचा आहे असं कळल्यावर आयोजकांपैकी एक जण मला म्हणाले, "सर, ज्यांना रॉक आवडतं ते व्याख्यानाला येत नाहीत आणि जे व्याख्यानाला येतात त्यांना रॉक आवडत नाही. मग खुर्च्या किती मांडायच्या?" (हशा) तर ज्यांना आवडत नाही, त्यांनीही थोडं थांबा. आज गाण्यापेक्षा खोलीबद्दल जास्त बोलायचंय. गाणं जिथे वाजतं, त्या खोलीबद्दल.

सुरुवात इथून शंभरेक किलोमीटरवर करू. सातारा रस्त्याने जायचं, सुरूर फाट्याला वळायचं, वाई, मग पसरणीचा घाट, की पाचगणी. इंग्रजांनी वसवलेलं हवेचं ठिकाण, सिल्व्हर ओकची झाडं, आणि निवासी शाळा. त्यांतल्या सेंट पीटर्स या मुलांच्या शाळेत १९५५ साली आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. नाव फारोख बलसारा. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. वडील बोमी बलसारा तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, कोर्टात कॅशियर. घराण्याचं मूळ गुजरातमधलं, आडनाव सांगतंच, बलसार म्हणजे आजचं वलसाड. मुलाला चांगलं इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी त्याला बोटीत बसवून समुद्रापलीकडे पाठवलं. त्या वयात. आज आपण आठ वर्षांच्या पोराला एकट्याला मगरपट्ट्याच्या सिग्नलपलीकडे पाठवत नाही.

पाचगणीत तो पियानो शिकला, त्याच्या परीक्षाही दिल्या. नाटकांत काम केलं. टेबल टेनिस चांगलं खेळायचा. 'फ्रेडी' हे नाव त्याला याच शाळेत पडलं. आणि १९५८च्या सुमारास पाच मुलांनी मिळून एक बँड काढला, त्याचं नाव 'द हेक्टिक्स'. फ्रेडी पियानोवर. गायला आणि गिटारला ब्रूस मरे, दुसऱ्या गिटारवर डेरिक ब्रँच, ड्रमवर व्हिक्टरी राणा, आणि बेसवर फरंग इराणी. बेस म्हणजे काय, तर चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेलं वाद्य. चहाच्या खोक्याचा बेस तेव्हा इंग्लंडातली पोरंही वाजवत होती. पैसे नसले की सगळीकडे डोकं सारखंच चालतं.

हे पाच जण वाजवायचे कुठे? शाळेच्या समारंभांत. ऐकणारे म्हणजे शाळेची मुलं, मास्तर, आणि कधीमधी पाचगणीतल्याच मुलींच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थिनी. गाणी क्लिफ रिचर्डची, एल्व्हिसची, लिटल रिचर्डची. ही गाणी पाचगणीत पोचली कशी? रेडिओ सिलोन. आकाशवाणीवर ती लागण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वेळी केंद्रात माहिती आणि प्रसारण खातं होतं बाळकृष्ण केसकरांकडे. आपल्याच मराठी माणसाकडे. केसकरांना शास्त्रीय संगीताचं भारी प्रेम, आणि त्यांनी हिंदी चित्रपटगीतांनाच आकाशवाणीच्या दारातून बाहेर काढलं होतं, तिथे एल्व्हिसला कोण विचारतंय!

या पाच जणांचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेले आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख झाले. डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाले. 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्यांना पाहिलंय. फरंग इराणींनी पुण्यात 'बाउंटी सिझलर्स' चालवलं. म्हणजे तुमच्यापैकी काहींनी क्वीनच्या गायकाच्या बेसवादकाच्या हॉटेलात सिझलर खाल्लेला असण्याची शक्यता आहे, आणि तुम्हाला ते माहीतही नसेल. आणि फ्रेडी? फ्रेडी झाला फ्रेडी मर्क्युरी.

आता इथे आपलं मराठी मन लगेच उचल खातं. "म्हणजे तो आपलाच की!" दर सप्टेंबरात वर्तमानपत्रांत एक तरी लेख येतो, पाचगणीचा फ्रेडी म्हणून. मला या दाव्याची थोडी गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो. कारण प्रश्न उलटा विचारायला हवा. १९५८ साली पाचगणीत बँड होता. पियानो होता, गळा होता, हौस होती. मग ती गोष्ट इथेच का नाही घडली? फ्रेडी १९६३च्या सुमारास झांझिबारला परतला. जानेवारी १९६४मध्ये तिथे क्रांती झाली, घरदार सोडून बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये येऊन राहिलं. समजा ते फेल्टमऐवजी मुंबईला, दादर पारशी कॉलनीत आले असते. तर?

तर काय, सांगतो. त्यासाठी दोन गोष्टी आधी बघू. एक यादी आणि एक कायदा.

यादी म्हणजे ज्याला चार्ट म्हणतात ती. नोव्हेंबर १९५२मध्ये लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून कुठली रेकॉर्ड किती खपली ते विचारलं आणि पहिल्या बारांची यादी छापली. ब्रिटनचा पहिला चार्ट तो. आणि पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९५२ला, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. म्हणजे बघा, दोन्ही याद्या एकाच हिवाळ्यातल्या! आपण मागे होतो असं अजिबात नाही. थोड्याच काळात गीतमालेत क्रमवारी आली, 'पायदान' हा शब्द घरोघरी गेला. बुधवारी रात्री रस्ते ओस पडायचे असं आमची आई सांगायची. पण या पायदानांवर उभं राहायला परवानगी कुणाला होती? सिनेमाच्या गाण्याला. बँडला नव्हे. चार पोरांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः वाजवलेलं गाणं त्या शिडीवर चढवायची सोयच नव्हती. शिडी होती, पण ती फक्त स्टुडिओच्या दारातून वर जायची.

आता कायदा. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी. साठच्या दशकात ती हळूहळू सैल झाली, पण कायदा गेला नाही. 'परमिट रूम' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्यात परमिट कसलं हे आपण विसरलो. परमिट पिणाऱ्याचं! आजही कागदोपत्री तुम्हाला या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. किती जणांकडे आहे, हात वर करू नका. (हशा)

मी दारूची वकिली करायला उभा नाही. घरोघरी दारूने काय होतं ते इथे प्रत्येकाने पाहिलंय, आणि दारूबंदी मागणाऱ्या बायकांची बाजू मला कळते. पण इतिहास म्हणून नोंद करायला हवी, की दारूबंदीने नुसता गुत्ता बंद झाला नाही, गुत्त्यात वाजणारं पियानोही बंद झालं. मुंबईत तीस-चाळीसच्या दशकांत हॉटेलांमधून जाझ वाजायचं. वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे, चर्चच्या शाळांत सुरावट वाचायला शिकलेले. हॉटेलांचा धंदा बसला तशी ही मंडळी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरली. चिक चॉकलेट हे त्यांतलं एक नाव, ट्रम्पेटवाले. आपल्या पुणतांब्याच्या राम चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यांना जवळ केलं. 'अलबेला' सिनेमा आठवा, १९५१चा, भगवानदादांचा. त्यात पडद्यावर चिक चॉकलेट आणि त्यांची मंडळी दिसतात. आपण ज्याला चितळकरांचा ठेका म्हणून डोक्यावर घेतलं, त्यात त्या रिकाम्या झालेल्या हॉटेलांचा वाटा आहे. त्यातून सिनेमासंगीत श्रीमंत झालं, यात वादच नाही. पण ती वाद्यं आता दुसऱ्याच्या गाण्यामागे वाजत होती, नाव न छापता.

त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये काय चाललं होतं?

पब म्हणजे काय हे आपल्याकडे नीट समजलं जात नाही. आपल्या डोळ्यांपुढे कोरेगाव पार्क येतं, दारावर दोन बाऊन्सर, आत निळे दिवे, दोन हजार रुपये कव्हर चार्ज. इंग्लंडमधला पब म्हणजे गल्लीतला पार. म्हातारे बसतात, कामगार येतात, कुणी पत्ते खेळतं. पुढे बार, आणि अनेक पबना मागे किंवा वरच्या मजल्यावर एक जादा खोली. तिथे कधी कामगार संघटनेची सभा, कधी बारशाची पार्टी, आणि शनिवारी एखादा बँड. मालकाचा हिशेब साधा: पोरांनी वाजवलं तर त्यांचे मित्र येतील, मित्र आले तर बिअर खपेल. बँडला चार पैसे, एक-दोन ग्लास बिअर. वाईट वाजवलं तर लोक पाठ फिरवून गप्पा मारतात, पुढच्या शनिवारी दुसरा बँड. कुणाचं काही बुडत नाही. या 'कुणाचं काही बुडत नाही' या गोष्टीकडे लक्ष द्या. स्वस्तात फसता येणं, पुन्हा पुन्हा फसता येणं, आणि अनोळखी माणसांसमोर फसता येणं, हे त्या खोलीत होतं.

तिथेही कायदा होताच हं. दोनपेक्षा जास्त वादक असतील तर पबला करमणुकीचा वेगळा परवाना लागायचा. म्हणून कितीतरी पबमध्ये दोनच जण वाजवताना दिसायचे! हा नियम २००५च्या सुमारास नव्या कायद्यात गेला, पण नवा कायदा छोट्या जागांना आणखी जाचक ठरला, म्हणून ओरड झाली. मग २०१२मध्ये त्यांनी 'लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट' केला: दोनशेपर्यंत श्रोते असतील, वेळ सकाळी आठ ते रात्री अकरा असेल, तर वेगळ्या परवान्याशिवाय वाजवा. पार्लमेंटने मागच्या खोलीसाठी कायदा केला, असंच म्हणायला पाहिजे.

पबमधून थेट चार्टवर गेल्याचं निखळ उदाहरण हवं असेल तर ते 'डॉक्टर फीलगुड' या बँडचं. टेम्सच्या मुखाशी कॅन्व्ही नावाचं बेट आहे, तेलाच्या टाक्या आणि चिखल. तिथली ही पोरं. त्यांचा गिटारवाला विल्को जॉन्सन तरुणपणी रस्त्याने प्रवास करत भारतात येऊन गेलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या पबांत ही मंडळी वाजवायची, कोट घालून, चेहरे रागीट, गाणी तीन-तीन मिनिटांची. १९७६मध्ये त्यांचा 'स्टुपिडिटी' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला गेला. आणि तो स्टुडिओत केलेला नव्हता, प्रत्यक्ष कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेला होता. मागची खोली जशीच्या तशी रेकॉर्डवर चढली आणि पहिली आली.

क्वीनचं तसं सरळ नाही. क्वीन हा पबमधून आलेला बँड, असं सरसकट म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांची शिडी जरा मिश्र होती: कॉलेजं, क्लब, गावांतले हॉल, आणि मधूनमधून पब. पण त्यांचे पहिले चार-पाच वर्षांचे हाल आपण विसरतो, कारण सिनेमात ते दहा मिनिटांत उरकतात.

फेल्टमला आल्यावर फ्रेडीने ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं, १९६९ला संपवलं. हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम केलं. केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकायचा ठेला लावला, रॉजर टेलरबरोबर. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा 'स्माइल' नावाचा बँड होता, फ्रेडी त्यांच्या मागे फिरायचा, पण तिथे गायकाची जागा भरलेली. म्हणून तो 'आयबेक्स' या लिव्हरपूलच्या बँडमध्ये शिरला. ऑगस्ट १९६९मध्ये बोल्टन या गिरणीच्या गावात त्यांच्याबरोबर तो पहिल्यांदा गायला. मग त्या बँडचं नाव बदललं, तो मोडला. मग 'सार मिल्क सी' नावाचा दुसरा. तोही मोडला. त्याची ती प्रसिद्ध अर्धी काठी, माइकचा स्टँड बुडाशिवायचा, तीसुद्धा याच दिवसांतली म्हणतात. कार्यक्रमात स्टँडचं बूड निखळलं, आणि याने ते परत लावलंच नाही. खरं-खोटं देव जाणे, पण असल्या गोष्टी आरशासमोर सापडत नाहीत. सामान मोडकं असावं लागतं आणि समोर माणसं असावी लागतात.

१९७०मध्ये स्माइलचा गायक गेला, फ्रेडी आला. २७ जून १९७०ला कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावच्या सिटी हॉलमध्ये, रेड क्रॉसच्या मदतनिधीसाठी, हे पहिल्यांदा एकत्र वाजले. कार्यक्रम ठरवला होता रॉजरच्या आईने. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीत काकू ज्या आग्रहाने पोरांना उभं करतात, तसंच ते. पुढे पाऊण वर्षात तीन बेसवादक आले आणि गेले. १९७१च्या सुरुवातीला जॉन डीकन आला तो टिकला. एका कॉलेजातल्या कार्यक्रमाला मोजून सहा श्रोते आले होते, असं त्यांच्या चरित्रांत येतं. सहा! मी आज इथे बोलायला आलो तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत याहून जास्त होते.

त्या वर्षाच्या शेवटी वेम्बलीत एक नवा स्टुडिओ उभा राहत होता. त्यांना यंत्रं तपासायला मोठ्याने वाजवणारं कुणीतरी हवं होतं. हे म्हणाले, आम्ही वाजवतो, बदल्यात आमची गाणी फुकट ध्वनिमुद्रित करून द्या. ते नमुने घेऊन कंपन्यांची दारं ठोठावली. ट्रायडंट कंपनीने १९७२ला करार केला, पण स्टुडिओ कधी मिळायचा? मोठे कलाकार घरी गेल्यावर, रात्री-अपरात्री. पहिली रेकॉर्ड जुलै १९७३ला आली. तिच्यातलं एकल गाणं चार्टवर आलंच नाही. नोव्हेंबरात 'मॉट द हूपल' या नावाजलेल्या बँडच्या दौऱ्यात आधीचा बँड म्हणून गावोगाव हिंडले. मग १९७४च्या सुरुवातीला बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये डेव्हिड बोवीची फिल्म वेळेवर मिळाली नाही, रिकामी जागा यांना मिळाली, आणि 'सेव्हन सीज ऑफ राय' दहाव्या नंबरवर गेलं. त्याच वर्षी 'किलर क्वीन' दुसऱ्या नंबरवर.

दुसऱ्या नंबरवर असताना हातात किती येत होते? करारानुसार आठवड्याला साठेक पौंड. जॉन डीकनने घराच्या पहिल्या हप्त्यासाठी चार हजार मागितले तर कंपनीने नाही म्हटलं, अशी हकिगत आहे. आपल्या तमाशातल्या फडमालकांच्या उचलीच्या गोष्टी ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे नवीन वाटायचं नाही. शेवटी वकील लावून ते त्या करारातून सुटले, आणि मग ३१ ऑक्टोबर १९७५ला ते पावणेसहा मिनिटांहून लांब गाणं आलं, 'बोहेमियन रॅप्सडी'. एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाने शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावलं. नऊ आठवडे पहिला नंबर. फ्रेडी गेल्यावर १९९१ला पुन्हा पहिला, पाच आठवडे.

बोल्टनपासून पहिल्या नंबरापर्यंत सहा वर्षं लागली. यांतली पाच वर्षं तो माणूस कुणीही नव्हता. पाचगणीने त्याला बोटं दिली, सूर दिला, नाव दिलं. पण ती पाच वर्षं काढायला जागा कोणी दिली, हा आजचा प्रश्न आहे.

आता परत मुंबईत येऊ. सत्तरच्या सुमारास मुंबईतही पोरं लांब केस वाढवून गिटार वाजवत होतीच. त्यांना व्यासपीठ दिलं कोणी, तर एका सिगारेटने. 'सिमला बीट कॉन्टेस्ट', इंपीरियल टोबॅकोच्या सिमला या ब्रँडची स्पर्धा. देशभरातले बँड यायचे, षण्मुखानंदमध्ये अंतिम फेरी, आणि १९७० नि १९७१ला त्यांतल्या निवडक गाण्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. आज जगभरचे संग्राहक त्या रेकॉर्ड शोधत फिरतात. पण स्पर्धा वर्षातून एकदा. उरलेले एकावन्न आठवडे?

मग रंगभवन. धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, उघडं नाट्यगृह. १९८६ला तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं, दर ऑगस्टला, पावसात भिजत पोरं नाचायची. इथूनच मोठा झाला 'रॉक मशीन' हा बँड. १९८४चा. महेश तिनईकर गिटारवर, उदय बेनेगल पुढे गायला. नावं बघा, आपल्या शेजारच्या इमारतीतली वाटतात. तेव्हा श्रोत्यांना हवी असायची परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. स्वतःचं गाणं लावलं की लोक ओरडायचे. यांनी तरी १९८८ला स्वतःच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, १९९०ला दुसरी. १९९१ला उपग्रहाने स्टार टीव्ही आला, त्यावर एमटीव्ही आलं, आणि मुंबईच्या पोरांचे व्हिडिओ आशियाभर दिसायला लागले. १९९३ला त्यांनी नाव बदललं, 'इंडस क्रीड'. मला विचाराल तर आपल्या रॉकचा सगळ्यात उंच गेलेला झोका तो. आणि दशक संपायच्या आत बँड थांबला. २०१०ला परत जमले, २०१२ला नवा अल्बमही केला. पण मधली वर्षं परत येत नाहीत.

रंगभवनचं काय झालं? शेजारी कॉलेज, जवळच इस्पितळं. २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आले: इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. कामा हॉस्पिटलमधल्या बाळंतिणीला रॉक ऐकायची सक्ती का? पण रंगभवन गप्प झालं आणि त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही, हे मात्र खरं. जुहूला 'रॅझबेरी ऱ्हायनोसरस' नावाचा एक पब बरीच वर्षं बँडना जागा देत राहिला. तोही गेला. १९९४ला निघालेल्या 'पेंटाग्राम'चा गायक विशाल ददलानी पुढे हिंदी सिनेमाचा संगीतकार झाला. चिक चॉकलेटचाच रस्ता, फक्त आता नाव मोठ्या अक्षरांत. पायदान अजून तिकडेच आहे ना!

आणि आता आपण जिथे बसलोय ते हडपसर. २०१०च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कला 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झालं, आणि २०१२ पासून काही वर्षं ते इथे, अमनोरा पार्क टाउनमध्ये भरलं. मी गेलो होतो. वय विचारू नका. एकेकाळी उसाचे फड असलेल्या जमिनीवर चार-पाच स्टेज, दूरवर टॉवरचे दिवे, आणि हजारो मुलं, देशभरातून आलेली. तीन दिवसांसाठी हडपसर ही भारताच्या रॉकची राजधानी होती, यात मला शंका नाही. घरी आल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, हात वर केलेत का?" केले होते.

पण मैदान म्हणजे मागची खोली नव्हे. मैदानावर उभं राहायला आधी कुठेतरी शंभर वेळा पडावं लागतं. आपल्याकडे ही गोष्ट ठाऊक नाही असं नाही. याच गाडीतळाजवळ आषाढाच्या आधी दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, माउलींची दिवे घाटाकडे, तुकोबांची लोणीकडे. दिंडीतला मृदंगवादक कुठे शिकतो? गावच्या देवळात, दर एकादशीला, दहा-वीस म्हाताऱ्यांसमोर. चुकला तर विणेकरी नुसतं बघतो. तेवढं पुरतं. आज 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड तेच अभंग गिटार-ड्रमवर घेऊन उभा राहतो, तेव्हा निम्मी तयारी त्या देवळांनी शेकडो वर्षं आधीच करून ठेवलेली असते. पण जो पोरगा स्वतःचं नवं गाणं लिहितो, त्याचं देऊळ कुठलं?

हा भाचा, त्याचा बँड आहे. चौघं जण, दोघं आयटीत, एक औषधांच्या कंपनीत, एक अजून शिकतोय. आधी एकाच्या फ्लॅटवर तालीम करायचे, भिंतींना गाद्या लावून. सोसायटीची दोन पत्रं आली, तिसऱ्याला ते बंद झालं. मग फुरसुंगीच्या बाजूला एक गोदाम मिळालं, ते पावसात गळतं. कार्यक्रमासाठी कुठल्याशा पबला विचारलं तर उत्तर आलं, आधी सांगा तुमची किती माणसं येतील आणि प्रत्येक जण किती खर्च करेल. दुसरीकडे म्हणाले, सिनेमातली गाणी वाजवणार असाल तर या. जागेचं भाडं, परवाने, पोलिस, दहाची वेळ, मालकाचीही बाजू आहेच. त्याला सहा श्रोत्यांची रात्र परवडत नाही. इंग्लंडमध्ये तरी आता कुठे परवडतेय! तिथलेही पब भराभर बंद पडतायत, आणि त्यांच्या मागच्या खोल्यांचे फ्लॅट होतायत.

तरी पोरांनी काहीतरी काढलंय. एका कॅफेवाल्याने मागची पत्र्याची शेड दिलीय, महिन्यातून एका रविवारी. खुर्च्या चाळीस, चहा आणि बन मस्का, दारू नाही, त्यामुळे निम्मे परवाने आपोआप वाचले. मोरारजींना हरकत नसती. आवाज साडेनऊला बंद. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. दुसऱ्या गाण्यात बेसचा अ‍ॅम्प्लिफायर बसला, भाच्याने दहा मिनिटं नुसतं गिटारवर निभावलं, मधेच शब्द विसरला, पुढच्या रांगेतल्या एका मुलीने ते त्याला सांगितले. म्हणजे तिला त्यांच्या गाण्याचे शब्द पाठ होते. घरी येताना गाडीत त्याने मला हे तीन वेळा सांगितलं.

पुढचा रविवार उद्याचाच आहे, सहा वाजता. पत्ता बाहेर फळ्यावर लिहिलाय. चला, आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी हात वर केलाय, हो, तुम्ही, निळा शर्ट.